मोरकमचा एरिक आणि आमचे दाजी

गेली बावीस वर्षे मी कॉलेजात हास्यरस शिकवतो आहे. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. हे सहाही प्रकार मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. पण या बावीस वर्षांत हास्यरसाच्या तासाला वर्गात कोणी हसल्याचे मला स्मरत नाही. एकदाच हसले होते. पण तेव्हा माझा सदरा खुर्चीच्या खिळ्यात अडकला होता. त्याचे श्रेय भरतमुनींना देता येणार नाही.

तेव्हा इंग्लंडला जाऊन मी एका विनोदी नटाचा पुतळा पाहून आलो असे सांगितले, तर वाचकांना ती अभ्याससहल वाटण्याचा संभव आहे. तसे काही नव्हते. मला ताईने बोलावले होते.

माझी थोरली बहीण लँकेस्टरला राहते. लँकेस्टर म्हणजे इंग्लंडच्या वायव्य अंगाला असलेले, टेकडीवर किल्ला मिरवणारे जुने गाव. दाजी तिथे एका कचेरीत हिशेबनीस आहेत. आकड्यांत बुडालेला माणूस रुक्ष असतो असा आपला एक समज आहे. दाजींनी तो आमच्या घरापुरता साफ पुसून टाकला होता. लग्नाच्या पंगतीत दाजी ज्या रांगेला बसतील, त्या रांगेला वाढपी दोनदा जास्त फिरत. त्यांचा एक खास खेळ होता. वाण्याकडची रिकामी कागदी पिशवी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने एक अदृश्य लाडू आढ्याच्या दिशेने उडवायचा, त्याच्याकडे मान वर करून पाहत राहायचे, मग पिशवी पुढे करायची, की 'टप्' असा आवाज करून लाडू पिशवीत! पोरे पिशवीत डोकावून पाहत. विलायतेहून पहिल्या सुट्टीवर ते सांगलीला आले तेव्हा आमच्या वाड्यातली झाडून सारी पोरे आठवडाभर रिकाम्या पिशव्या घेऊन आढ्याकडे पाहत हिंडत होती. मला ते प्राध्यापक झाल्या दिवसापासून 'प्राध्यापक' म्हणत, आणि त्या एका शब्दात ते इतका आदर ओतीत, की मला स्वतःच्या पदवीची लाज वाटे.

अशा माणसाला गेल्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टर समाधानी होते. पण एप्रिलमध्ये ताईचा फोन आला तो वेगळाच. "सुट्टी लागली की तू ये. हे बरे आहेत. चालतात, जेवतात, औषध वेळेवर घेतात. पण सहा महिन्यांत एकदाही हसले नाहीत रे."

मी मे महिन्यात गेलो. दाजींनी स्टेशनवर माझी बॅग घेण्यासाठी हात पुढे केला, ताईने तो मागे घेतला, आणि "प्रवास ठीक झाला का तुझा?" एवढेच ते म्हणाले. 'प्राध्यापक' नाही, काही नाही.

पहिले चार दिवस असेच गेले. घर स्वच्छ, बाग नीटनेटकी, जेवण उकडलेले. दाजी पावले मोजून चालत, आणि मधेच दोन बोटे मनगटावर ठेवून घड्याळाकडे पाहत. पाचव्या दिवशी ताई म्हणाली, "याला मोरकम दाखवून आणू या. समुद्राची हवा आहे." दाजी नको म्हणाले नाहीत. हल्ली ते कशालाच नको म्हणत नसत.

लँकेस्टरहून मोरकमला रेल्वेने दहाएक मिनिटे लागतात. गाडीतून उतरून पाच-सात मिनिटे चालले, की आपण एका प्रचंड आखाताच्या काठावर उभे असतो. मोरकमच्या आखाताएवढे भरती-ओहोटीचे वाळवंट ब्रिटनमध्ये दुसरे नाही. जवळजवळ तीनशे दहा चौरस किलोमीटरांचा हा पसारा. ओहोटीला पाणी नजरेआड जाते आणि मैलोन्‌मैल ओली, चमकणारी वाळू उघडी पडते. पलीकडच्या क्षितिजावर लेक डिस्ट्रिक्टचे निळसर डोंगर. देखावा असा, की कवितेच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ वाटावे. पण या देखाव्यावर विश्वास टाकू नये. या वाळूत माणूस रुतेल अशा दलदली आहेत, आणि भरती घोड्याच्या वेगाने येते असे तिथले लोक सांगतात. वाळू पार करून नेण्यासाठी राजाने नेमलेला वाटाड्या असण्याची प्रथा इथे शतकानुशतके आहे. २००४ सालच्या फेब्रुवारीत, रात्रीच्या अंधारात शिंपल्या गोळा करणाऱ्या निदान एकवीस चिनी मजुरांना याच भरतीने गाठले. पोटासाठी परक्या देशात आलेली ती माणसे. त्या सुंदर वाळूकडे पाहताना हे मनातून जात नाही.

गाव मात्र एके काळी मौजेसाठीच वसलेले. यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार वर्षाची सुट्टी इथे घालवीत. १८९७ साली बांधलेले विंटर गार्डन्सचे लाल नाट्यगृह, १९३३ सालचे पांढरेशुभ्र, जहाजासारखे वळण घेतलेले मिडलंड हॉटेल, या साऱ्या त्या वैभवाच्या खुणा. पुढे लोक स्पेनच्या उन्हाकडे वळले आणि मोरकम ओस पडत गेले. लॉरेन्स ऑलिव्हिएचा 'द एंटरटेनर' हा १९६० सालचा चित्रपट इथेच चित्रित झाला. उतरती कळा लागलेल्या एका विनोदी नटाची ती गोष्ट. तिला उतरती कळा लागू पाहणारे गाव मिळाले.

आणि मग समुद्राकाठच्या फरसबंदीवर तो दिसतो. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, एक पाय मुडपून वर उचललेला, एक हात डोक्यामागे, एक उंच हवेत, पाठीमागे आखात आणि डोंगर, गळ्यात दुर्बीण. ब्राँझचा हा माणूस आता समुद्रात तरी पडेल नाहीतर आपल्या अंगावर तरी, असे वाटते. हा एरिक मोरकम. ग्रॅहम इब्सन या शिल्पकाराने घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण खुद्द राणी एलिझाबेथने १९९९ सालच्या जुलैत केले. राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांचे पुतळे उभारण्यात इंग्रजांचा हात धरणारा कोणी नाही. पण त्यांच्यापुढे लोक असे रांग लावून उभे राहिलेले मी पाहिले नाहीत. एक सत्तरीच्या आजीबाई पुतळ्याशेजारी उभ्या राहिल्या, हातातली काठी नातवाकडे दिली, आणि तसाच पाय वर करून फोटो काढून घेतला. त्यांच्यामागे दोन तरुण, त्यांच्यामागे एक अख्खे कुटुंब, लहान बाळासकट. सगळ्यांचा एक पाय वर!

"कोण हो हा एवढा?" मी विचारले.

दाजी बाकावर बसले. नाडी पाहिली. आणि ताळेबंद वाचून दाखवावा तशा आवाजात सांगू लागले.

याचे खरे नाव जॉन एरिक बार्थोलोम्यू. जन्म १४ मे १९२६, याच गावात. बाप जॉर्ज, नगरपालिकेचा मजूर. आई सेडी, एकुलत्या एका मुलाला नाच शिकवायचा म्हणून लोकांकडे कामे करणारी. मुलगा अभ्यासात यथातथाच. आई त्याला गावोगावच्या स्पर्धांना नेई. होयलेकच्या एका स्पर्धेचे बक्षीस म्हणून जॅक हिल्टन या बड्या नाट्यनिर्मात्यापुढे काम करून दाखवण्याची संधी मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो त्याच्या बालकलाकारांच्या कंपनीत दाखल झाला. तिथे लीड्सकडचा, त्याच्याहून सहाच महिन्यांनी मोठा एक मुलगा होता. त्याचे नाव अर्नेस्ट वाइझमन. तो आधीच नाव मिळवलेला. दोघांची गट्टी जमली. युद्धकाळात अंधाऱ्या गाड्यांतून प्रवास चाले आणि या दोन पोरांची बडबड काही थांबत नसे. तेव्हा सेडीबाईंनी वैतागून म्हणा वा ओळखून म्हणा, त्यांना सुचवले : एवढी बडबड करताच आहात तर दोघे मिळून काहीतरी बसवा! १९४१ सालच्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या रंगमंचावर ही जोडी प्रथम उभी राहिली. बार्थोलोम्यू हे नाव पाटीवर मावेना, म्हणून त्याने आपल्या गावाचेच नाव घेतले. मोरकम आणि वाइझ.

"म्हणजे आपल्याकडे सांगलीकर म्हणतात तसे," मी म्हणालो. दाजींनी मान हलवली. पूर्वी त्यांनी एवढ्यावर दहा मिनिटे काढली असती.

युद्धात एरिकला कोळशाच्या खाणीत काम लागले. अकरा महिन्यांनी हृदय कमकुवत म्हणून त्याला परत पाठवले. एर्नी व्यापारी जहाजांवर होता. युद्धानंतर दोघे पुन्हा भेटले ते सर्कशीच्या तंबूत. मग वर्षानुवर्षे गावोगावची थिएटरे. १९५४ साली बीबीसीने त्यांना टेलिव्हिजनवर आणले. 'रनिंग वाइल्ड' नावाची ती मालिका सपशेल आपटली. एका टीकाकाराने लिहिले, की टेलिव्हिजनचा संच म्हणजे मोरकम आणि वाइझ यांना ज्यात पुरले ती पेटी. एरिकने ते कात्रण खिशातल्या पाकिटात ठेवले आणि जन्मभर जवळ बाळगले.

या ठिकाणी मला माझ्या एकमेव समीक्षाग्रंथावर आलेला अभिप्राय आठवला. तोही मी जपून ठेवला आहे. पण एरिकसारखी भरपाई मात्र मला करता आलेली नाही.

१९६१ पासून त्यांचे दिवस फिरले. १९६८ साली ते पुन्हा बीबीसीवर गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एरिकला पहिला झटका आला. वय बेचाळीस. यॉर्कशायरमधल्या बॅटलीचा खेळ आटोपून तो मध्यरात्रीनंतर स्वतः मोटार हाकीत हॉटेलकडे परतत होता. छातीत कळ आली. रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला त्याने विनवले, की मला इस्पितळात पोचव. तो माणूस म्हणाला, मी सैन्यात रणगाडा चालवलाय, मोटार नाही! तशाच त्या माणसाने त्याला पोचवले आणि इस्पितळाच्या दारात अदबीने स्वाक्षरी मागितली.

मला हसू आवरेना. ताईने माझ्याकडे असे पाहिले, की मी खोकल्याचे निमित्त केले. दाजी वाळूकडे पाहत होते.

नऊ महिन्यांनी, १९६९ च्या ऑगस्टमध्ये, तो बोर्नमथच्या रंगमंचावर परतला तेव्हा प्रेक्षक उभे राहून चार मिनिटे टाळ्या वाजवीत होते. जुन्या लेखकद्वयाने साथ सोडली होती. नवा लेखक मिळाला एडी ब्रेबन. या माणसाने एक गोष्ट ओळखली : या दोघांची एकमेकांवर माया आहे, ती दिसली पाहिजे. तोवर एरिक वेंधळा आणि एर्नी त्याला टोकणारा शहाणा असा साधा मामला होता. ब्रेबनने एर्नीला स्वतःला थोर नाटककार समजणारा भाबडा माणूस केले, आणि एरिकला त्याची टर उडवणारा. पण बाहेरच्या कोणी एर्नीला हसले, तर त्याच्या अंगावर धावून जाणारा. ते एका घरात राहत, एका पलंगावर बसून गप्पा मारत, एक वर्तमानपत्र वाची तर दुसरा लिही. आणि साऱ्या इंग्लंडला ते आपल्याच घरातले वाटू लागले.

मोठी माणसे त्यांच्याकडे चेष्टा करून घ्यायला हौसेने येत. १९७१ च्या नाताळात आंद्रे प्रेविन आला. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक, केवढा अधिकाराचा माणूस! एरिक पियानोवर बसला ग्रीगचे कंचेर्टो वाजवायला, आणि भलतेच काहीतरी बडवू लागला. प्रेविन म्हणाला, तुम्ही सगळे सूर चुकीचे वाजवताय. तेव्हा एरिक उठला, त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि शांतपणे त्याला समजावले, की सूर सगळे बरोबर आहेत, त्यांचा क्रम तेवढा बरोबर असेलच असे नाही. त्या एका वाक्याने इंग्लंडच्या घराघरांत मुक्काम ठोकला. प्रेविनला पुढे कित्येक वर्षे टॅक्सीवाले 'मिस्टर प्रीव्ह्यू' म्हणून हाक मारीत, कारण एरिकने त्याचे नाव तसे करून टाकले होते. १९७७ च्या नाताळातला त्यांचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. साडेपाच कोटींच्या देशात!

"त्यांचा एक खेळ होता," दाजी म्हणाले, "कागदी पिशवीचा."

मी चमकून पाहिले. "म्हणजे तुमचा तो—"

"माझा नव्हे. याचा. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मला इंग्रजी बोलणे धड कळत नसे. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवीत. ते मात्र कळे. दोन महिने ही स्वयंपाकघरात असताना मी पिशवीवर सराव करीत होतो. अंगठा आणि मधल्या बोटात काठ धरायचा आणि आत बोट निसटवायचे. बस."

पंचवीस वर्षे ज्याला मी अस्सल सांगलीचा माल समजत होतो, तो मोरकमचा निघाला. संशोधनात असे होते.

"आणि मग?" मी विचारले, "शेवट कसा झाला त्याचा?" विचारल्यावर मला माझी जीभ चावावीशी वाटली. ताई उठून कठड्याकडे गेली.

दाजींनी तेही सांगितले. १९७९ साली दुसरा झटका. त्याच वर्षी बायपास. मग्दी याकूब या नामांकित शल्यविशारदाने ती केली. डॉक्टरांनी जपायला सांगितले. एरिकने कादंबऱ्या लिहिल्या, पक्षी पाहिले, मासे धरले. गळ्यातली दुर्बीण त्याचीच. पण लोक समोर आले, की त्याला राहवत नसे. २७ मे १९८४ च्या रात्री ट्यूक्सबरीच्या लहानशा थिएटरात एका मित्राच्या कार्यक्रमाला तो गेला. नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. कार्यक्रम संपला, वादक पुन्हा वाजवू लागले, आणि हा विंगेतून धावत रंगमंचावर आला, एकेक वाद्य वाजवीत सुटला. टाळ्यांखातर सहा वेळा परत आला. मग विंगेत जाऊन कोसळला. बायको प्रेक्षकांत बसली होती. वय अठ्ठावन्न.

"मी छप्पन्न," दाजी म्हणाले.

भरती सुरू झाली होती. वाळूतल्या खाचांतून पाण्याच्या बारीक रेघा पुढे सरकत होत्या. पक्ष्यांचा एक मोठा थवा उठला, वळला आणि पुन्हा बसला.

"सहा वेळा बाहेर यायची काय गरज होती?" मी हळूच म्हणालो.

"मी सहा महिने हाच विचार करतोय. तुम्हांला वाटते मी मरणाला घाबरून गप्प झालो. तसे नाही रे. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत हसले की जीव जाई. नर्स सांगे, खोकताना-हसताना उशी छातीशी धरा. आता उशी धरून कोण हसणार? म्हणून मी हसणेच टाळले. आलेला विनोद गिळून टाकायचो. पुढे हाड सांधले. पण तोवर विनोद यायचाच बंद झाला. का, ते कळत नाही."

"मला कळते," ताई म्हणाली. ती कधी मागे येऊन उभी राहिली ते आम्हांला समजले नव्हते. "मी बोलायची बंद झाले म्हणून. मी काही बोलले आणि तुम्हांला हसू आले तर दुखेल, म्हणून मी सहा महिने फक्त 'गोळी घेतली का' एवढेच विचारते आहे."

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. सत्तावीस वर्षांच्या संसारात आम्ही सगळे दाजींना हसत आलो. ताईच्या 'अहो, पुरे आता' या वाक्याशिवाय दाजींचा एकही विनोद पुरा होत नसे, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मला तो एर्नी आठवला. एरिकनंतर तो पंधरा वर्षे जगला. १९९९ च्या मार्चमध्ये गेला, या पुतळ्याचे अनावरण होण्याच्या चार महिने आधी. इथे तो नाही. त्याचा पुतळा पुढे यॉर्कशायरमध्ये मॉर्लीला, त्याच्या मुलुखात उभारला गेला. पण हा ब्राँझचा माणूस ज्या बाजूला जरासा झुकला आहे, तिथे कोणीतरी नाचायला हवे असे सारखे वाटत राहते. फोटो काढणारे नेमके तिथेच उभे राहतात.

मग आम्ही चहा घ्यायला गेलो. ताईने घरी न्यायला दोन केक घेतले; ते पोरीने तपकिरी कागदी पिशवीत घालून दिले. दाजींनी केक काढून बशीत ठेवले आणि रिकामी पिशवी हातात घेऊन बराच वेळ तिच्या घड्या उलगडीत बसले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. अशा वेळी शहाण्या माणसाने खिडकीबाहेर पाहावे.

"अहो," ताई म्हणाली, "लोक बघतायत."

दाजींनी उजवा हात वर उडवला. ताईने मान वर केली. छताकडे, खरोखरच काहीतरी वर गेले आहे अशी, डोळे बारीक करून ती पाहत राहिली. पिशवीत 'टप्' असा आवाज झाला.

पहिल्यांदा ताई हसली. मग दाजी. हसताना त्यांनी सवयीने दोन्ही हात छातीशी नेले, आणि उशी नाही हे लक्षात येऊन ते आणखी हसले. "प्राध्यापक," ते डोळे पुसत म्हणाले, "भरतमुनींच्या कुठल्या खान्यात बसवता आता हे?"

जूनमध्ये कॉलेज उघडले. हास्यरसाच्या तासाला मी नेहमीचे सहा प्रकार फळ्यावर लिहिले आणि खिशातून वाण्याकडची एक कागदी पिशवी काढली. पहिल्या दोन वेळी आवाज नीट आला नाही. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा मी हात उडवला तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी, का कोण जाणे, मान वर करून पंख्याकडे पाहत होती.